काइको आणि एकोणीस वर्षं दडवलेला अहवाल

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

८ डिसेंबर १९८७, मंगळवार. पेरू देशात त्या दिवशी सुट्टी असते, मेरीमातेचा सण असतो. राजधानी लिमामधला अलियान्सा लिमा हा फुटबॉल क्लब ॲमेझॉनच्या जंगलपट्ट्यातल्या पुकाल्पा गावी लीगचा सामना खेळायला गेला होता. सामना १-० असा जिंकला. संध्याकाळी सगळी मंडळी विमानात बसली. विमान पेरूच्या नौदलाचं होतं, क्लबने ते भाड्याने घेतलं होतं. आत ४४ माणसं. लिमाच्या विमानतळापासून काही मैलांवर, वेंतानिया नावाच्या किनाऱ्यासमोर, ते विमान रात्रीच्या अंधारात समुद्रात पडलं. ४३ जण गेले, एक वाचला.

गेलेल्यांमध्ये संघाचा गोलकीपर होता. होसे गोन्सालेस गानोसा. वय ३३. लिमात त्याला सगळे 'काइको' म्हणायचे.

पेरूचा फुटबॉल म्हटलं की आपल्याकडच्या जाणकारांना कुबियास आठवतो. गोलकीपर म्हटलं की किरोगा आठवतो, तोही १९७८ च्या त्या वादग्रस्त ६-० मुळे. काइकोचं नाव सहसा कुणी घेत नाही. त्याची कारकीर्द कागदावर मांडायला गेलं तर एका ओळीत संपते. क्लब कोणता? अलियान्सा लिमा. आधी? काही नाही. नंतर? नंतर काही उरलंच नाही. पण या एका ओळीच्या आजूबाजूला एका देशाचा बराच इतिहास पडलेला आहे. आणि एक सरकारी अहवालही आहे, जो लोकांपुढे यायला १९ वर्षं लागली. मला या गोष्टीत रस वाटला तो त्या अहवालामुळे. फुटबॉल नंतर आला, हे आधीच सांगून टाकतो.

आधी क्लबबद्दल, कारण त्याशिवाय लोक इतके का रडले हे कळणार नाही.

अलियान्सा लिमाची स्थापना १९०१ ची. पुढे क्लब ला विक्तोरिया या कामगार वस्तीत रुजला. गिरणी कामगार, गवंडी, ड्रायव्हर, आणि गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज, अशी ती वस्ती. क्लबचं एक टोपणनाव 'लोस ग्रोनेस'. स्पॅनिशमध्ये 'नेग्रो' म्हणजे काळा. त्यातली अक्षरं उलटी केली की 'ग्रोने' होतं. ज्या शब्दाने शिवी द्यायची तोच शब्द उलटा करून लोकांनी छातीवर मिरवला. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये हा संघ आपली निळी-पांढरी जर्सी बाजूला ठेवून जांभळ्या पट्ट्यांची जर्सी घालतो. लिमात 'चमत्कारांचा स्वामी' या ख्रिस्ताच्या चित्राची मोठी मिरवणूक त्या महिन्यात निघते, तिच्या मानासाठी. कोल्हापूरच्या पेठा-तालमींचा फुटबॉल ज्यांनी पाहिलाय त्यांना क्लब, वस्ती आणि देव हे एकाच घरात कसे राहतात ते वेगळं समजावून सांगायला नको.

समोरचा वैरी म्हणजे युनिव्हर्सितारियो. १९२४ साली विद्यापीठातल्या पोरांनी काढलेला क्लब. या दोघांचा पहिला सामना १९२८ साली झाला आणि तो काठ्यांच्या मारामारीत संपला. म्हणजे सुरुवातच अशी. एका बाजूला शिकलेले, दुसऱ्या बाजूला राबणारे. आता ही विभागणी तितकीशी खरी राहिलेली नाही, पण दोन्हीकडचे पाठीराखे ती सोडायला तयार नाहीत.

अलियान्साचं स्वतःचं मैदान २७ डिसेंबर १९७४ रोजी सुरू झालं. लोक त्याला 'मातूते' म्हणतात. पुढे त्याला आलेहांद्रो बियानुएवा या जुन्या खेळाडूचं नाव दिलं गेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये खेळलेला हा माणूस पस्तिशीतच क्षयाने गेला. तर हे मैदान उभं राहिलं त्याच सुमारास काइको पहिल्या संघात आला. तेव्हा तो विशीत होता. मैदान नवं आणि गोलीही नवा.

काळ सोन्याचा होता. १९७५ ला विजेतेपद. १९७७ ला विजेतेपद. १९७८ ला पुन्हा. दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे कोपा लिबर्तादोरेस. त्या स्पर्धेत १९७६ आणि १९७८ अशा दोन वेळा अलियान्सा उपांत्य फेरीपर्यंत गेला. तेओफिलो कुबियास युरोप करून परत आला होता. बार्सिलोनात खेळून आलेला उगो सोतील होता. सेसार क्वेतो होता, ज्याच्या डाव्या पायाबद्दल लिमातले म्हातारे अजून बोलतात. होसे बेलास्केस होता. अशा संघात गोली असणं सोपं की अवघड? मला वाटतं अवघड. पुढे इतके कलाकार असले की मागे कोण उभा आहे हे लोक फक्त गोल खाल्ल्यावर बघतात.

मग हे कलाकार पांगले. कुबियास १९७९ मध्ये अमेरिकेत फोर्ट लॉडरडेलला गेला. क्वेतो आणि बेलास्केस कोलंबियात गेले. पैसा तिकडे होता. काइको तिथेच राहिला. त्याला बाहेरून बोलावणं आलं होतं की नाही यावर मी काही लिहिणार नाही, पण एवढं दिसतं की तो गेला नाही. पुढची वर्षं कोरडी होती. १९८२ ला दुसरा क्रमांक. १९८६ ला पुन्हा दुसरा, आणि तोही सान आगुस्तिन नावाच्या, आपण कधी ऐकलंही नसेल अशा क्लबच्या मागे. १९७८ नंतर कपाट रिकामंच.

राष्ट्रीय संघातही त्याच्या वाट्याला फार आलं नाही. त्याच्या पिढीत पेरूच्या गोलमध्ये रामोन किरोगा उभा होता. किरोगा मूळचा अर्जेंटिनाचा, रोसारियोमध्ये जन्मलेला, नंतर पेरूचा नागरिक झालेला. त्याला 'एल लोको' म्हणजे वेडा म्हणायचे, कारण तो गोल सोडून थेट मधल्या रेषेपर्यंत पळत जायचा. १९७८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला अंतिम फेरी गाठायला पेरूवर चार गोलच्या फरकाने जिंकणं भाग होतं. ते ६-० ने जिंकले, आणि सामना झाला रोसारियोमध्येच, म्हणजे किरोगाच्या जन्मगावी. तेव्हापासून त्या सामन्याबद्दल जे बोललं जातं ते अजून थांबलेलं नाही. काइको त्या संघात नव्हता. १९८२ ला स्पेनमध्ये मात्र तो २२ जणांच्या चमूत होता. राखीव गोलकीपर म्हणून. एकही मिनिट खेळायला मिळालं नाही. पेरूने कॅमेरूनशी बरोबरी केली, पुढे जगज्जेता झालेल्या इटलीशी बरोबरी केली, आणि मग पोलंडकडून १-५ असा मार खाऊन घरी आला.

हे १९८२ लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता १९८७. देशाची अवस्था वाईट होती. आलान गार्सिया हे तरुण राष्ट्राध्यक्ष, दोन वर्षांपूर्वी टाळ्यांच्या कडकडाटात निवडून आलेले. त्या वर्षीच्या जुलैत त्यांनी बँकांचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं आणि मध्यमवर्ग रस्त्यावर आला. महागाई चढत होती, पुढे दोन-तीन वर्षांत ती अशा उंचीवर गेली की नोटांवरची शून्यं मोजायची सोय राहिली नाही. डोंगराळ भागात 'शायनिंग पाथ'चे माओवादी आणि लष्कर यांच्या मध्ये खेडूत मरत होते. नौदलाबद्दल लोकांच्या मनात काय होतं हे समजून घ्यायचं तर एक वर्ष मागे जावं लागतं. जून १९८६ मध्ये लिमाच्या तुरुंगांत कैद्यांनी बंड केलं. ते मोडून काढताना दोनशेहून जास्त कैदी मारले गेले. त्यातला एक तुरुंग एल फ्रोंतोन या बेटावर होता, आणि तिथली कारवाई नौदलाने केली होती. ते बेट कायाओ बंदरासमोर आहे. म्हणजे दीड वर्षाने जिथे विमान पडलं त्याच समुद्रपट्ट्यात.

या सगळ्या अंधारात अलियान्साचा संघ मात्र उजळत होता. पोरं होती सगळी. लिमातल्या पत्रकारांनी त्यांना 'लोस पोत्रियोस' नाव दिलं होतं. म्हणजे शिंगरं, घोड्याची पिल्लं. लुइस एस्कोबार अवघा १८ वर्षांचा, पण पहिल्या संघात येऊन त्याला काही वर्षं झाली होती. आल्फ्रेदो तोमासिनी, होसे कासानोवा, कार्लोस बुस्तामान्ते, फ्रान्सिस्को बुस्तामान्ते. प्रशिक्षक मार्कोस काल्देरोन. हा साठीला टेकलेला माणूस म्हणजे पेरूच्या फुटबॉलमधलं विद्यापीठ. १९७५ साली पेरूने कोपा अमेरिका जिंकली ती त्याच्या हाताखाली, आणि १९७८ च्या विश्वचषकातही तोच प्रशिक्षक होता. आणि या शिंगरांच्या मागे, गोलमध्ये, ३३ वर्षांचा काइको. जुन्या विजेतेपदांच्या काळातला माणूस.

लीगचे थोडेच सामने उरले होते आणि अलियान्सा पहिल्या क्रमांकावर होता. नऊ वर्षांनी विजेतेपद हाताशी आलं होतं. पुकाल्पाचा सामना देपोर्तिवो बांकोस या क्लबशी होता. कार्लोस बुस्तामान्तेने गोल केला. १-०. गोलकीपरच्या हिशेबात क्लीन शीट. काइकोचा शेवटचा सामना असा संपला.

पुकाल्पा ते लिमा हवाई अंतर पाचशे किलोमीटरच्या आतलं. पण मध्ये अँडीज पर्वत आहे. रस्त्याने यायचं तर घाट, दरडी, आणि त्या काळात सशस्त्र टोळ्या. त्यामुळे विमान. ते होतं फोकर एफ-२७, दोन पंख्यांचं. आपल्याकडे इंडियन एअरलाइन्सकडेही हे विमान होतं, जुन्या प्रवाशांना आठवत असेल. मुळात हे विमान वाईट नाही. पण ते कुणी सांभाळलं आणि कुणी उडवलं, यावर सगळं असतं.

रात्री आठच्या सुमारास विमान लिमाजवळ आलं. उतरायच्या आधी चाकं खाली येऊन पक्की बसली की वैमानिकासमोर दिवे लागतात. पुढच्या चाकाचा दिवा नीट खात्री देईना. चाक खाली आलंय की नाही? अशा वेळी एक साधा उपाय करतात. कंट्रोल टॉवरच्या जवळून विमान कमी उंचीवर न्यायचं आणि टॉवरमधल्या माणसाला डोळ्यांनी बघायला सांगायचं. तसं केलं. टॉवरने कळवलं की चाक खाली आहे. म्हणजे अडचण विमानात नव्हती, दिव्यात होती. आता फक्त वळून परत यायचं आणि उतरायचं.

लिमाचा विमानतळ समुद्राला लागून आहे. वळण समुद्रावरून घ्यावं लागलं. रात्रीचा समुद्र म्हणजे खाली एकही दिवा नाही. आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी डोळ्यांपेक्षा उंची दाखवणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि तो सतत बघावा लागतो. ते विमान धावपट्टीकडे परत आलंच नाही.

विमानांबद्दल वाचणाऱ्यांना इथे लगेच दुसरा एक अपघात आठवेल. २९ डिसेंबर १९७२, अमेरिकेत मायामीजवळ, ईस्टर्न एअरलाइन्सचं नवंकोरं विमान. तिथेही पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही. कॉकपिटमधले सगळे त्या एका बल्बच्या मागे लागले आणि विमान हळूहळू खाली जातंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शंभराहून अधिक माणसं गेली. तपास झाला, अहवाल छापला, आणि जगभरातल्या वैमानिकांना तो धडा म्हणून शिकवला गेला. पंधरा वर्षांनी लिमात चाकाच्या दिव्यापासूनच सुरू झालेला अपघात झाला, आणि त्याचा अहवाल मात्र कपाटात गेला.

पाण्यात पडल्यावर काही जण लगेच मेले नाहीत. वैमानिक बाहेर आला. तोमासिनीही बाहेर आला होता, जखमी अवस्थेत. वैमानिकाने नंतर सांगितलं की तो तोमासिनीला धरून तरंगत होता, त्याच्याशी बोलत होता, पण तो टिकला नाही. वैमानिकाला दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढलं. बाकी कुणी जिवंत सापडलं नाही. काहींचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. त्या वैमानिकाचं नाव जगाला माहीत आहे, मी मुद्दाम लिहीत नाही. त्याने काय भोगलं असेल ते त्याचं त्याला. माझा प्रश्न त्याला तिथे बसवणाऱ्यांना आहे.

लोक मातूते मैदानाकडे लोटले. ला विक्तोरियात घराघरांतून निळ्या-पांढऱ्या जर्सी बाहेर आल्या. १६ खेळाडू गेले होते. प्रशिक्षक गेला होता, इतर कर्मचारी गेले होते, संघाबरोबर गेलेले पाठीराखेही होते. बातम्या खेळाडूंच्या आल्या. विमानात नौदलाचे कर्मचारीही होते, त्यांच्या घरीही तीच रात्र होती, पण त्यांची नावं कुणी गाण्यात घालत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

विमान नौदलाचं, वैमानिक नौदलाचा, आणि चौकशी केली नौदलाने. अहवाल तयार झाला. तो लोकांना दाखवला नाही. ज्यांची पोरं गेली त्यांनाही नाही. सरकारी गुपित म्हणून बंद.

बंद दाराच्या बाहेर काय होतं ते आम्हा पत्रकारांना चांगलं माहीत आहे. अफवा होतात. पुकाल्पा हा कोकाच्या व्यापाराला जवळचा भाग. मग गोष्ट पसरली की विमानात कोकेन होतं, खेळाडूंनी ते पाहिलं, म्हणून त्यांना संपवलं. कुणी म्हणालं विमान पाडलं. या गोष्टींना कधीही पुरावा मिळालेला नाही. पण १९८६ चा तुरुंग ज्यांच्या डोळ्यांसमोर होता त्यांना हे अशक्य वाटलं नाही. मी त्या अफवांच्या बाजूने नाही. पण अफवा पसरवणाऱ्या माणसाला हसण्याआधी त्याला कागद दाखवा, असं माझं म्हणणं आहे. कागद दाखवला असता तर निम्म्या अफवा त्याच आठवड्यात मेल्या असत्या.

कागद बाहेर आला २००६ साली. सरकारने दिला नाही, पेरूच्या एका टीव्ही कार्यक्रमातल्या पत्रकारांनी मिळवला. त्यात कोकेन नव्हतं. गोळीबार नव्हता. होतं काय? विमानाच्या तांत्रिक अवस्थेबद्दलच्या तक्रारी. आणि वैमानिकाला रात्रीच्या उड्डाणाचा पुरेसा अनुभव नसणं. एवढंच. म्हणजे कुठल्याही खात्यात सापडेल असा साधा, कंटाळवाणा निष्काळजीपणा. तोच १९ वर्षं गुपित म्हणून जपला होता. कटकारस्थान असतं तर निदान लपवण्यामागे काही अर्थ लागला असता. इथे लपवलं काय, तर देखभालीची वही आणि उड्डाणाच्या तासांचा हिशेब.

असंच दुसरीकडेही घडलंय. २७ एप्रिल १९९३ ला झांबियाचा राष्ट्रीय फुटबॉल संघ लष्करी विमानातून जाताना गॅबॉनच्या किनाऱ्यासमोर समुद्रात पडला. तिथेही गोलकीपर एफर्ड चबाला गेला. तिथेही विमान जुनं, सैन्याचं. गॅबॉनचा अहवाल यायला २००३ साल उजाडलं. त्यात निघालं की एक इंजिन बंद पडल्यावर वैमानिकाने चुकून दुसरं, चालू असलेलं इंजिन बंद केलं. झांबियातल्या कुटुंबांचा झगडा त्यानंतरही चालूच राहिला. सैन्याच्या विमानात बसलेला साधा नागरिक मेला की त्याची चौकशी कुणी करायची, हा प्रश्न लिमात आणि लुसाकात सारखाच आहे. ज्याचं विमान त्यानेच न्यायाधीश व्हायचं. आपल्याकडे चौकशी समित्यांचे किती अहवाल विधिमंडळाच्या पटलावर वेळेत येतात, हे माझ्या जुन्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून बसलेले दोघे-तिघे याच पोस्टखाली येतील.

पुन्हा मैदानाकडे वळू. लीग संपायची होती. संघच नव्हता.

क्लबने ज्युनिअर संघातली पोरं उतरवली. कुबियास निवृत्त होऊन अमेरिकेत राहत होता, वय ३८. तो परत आला आणि अलियान्साची जर्सी पुन्हा अंगावर चढवली. विश्वचषकात एकूण दहा गोल केलेला माणूस, अशा लीगसाठी, अशा वेळी. आणि शेजारच्या चिलीमधून कोलो-कोलो क्लबने आपले चार खेळाडू उसने पाठवले. ज्यांना दक्षिण अमेरिकेचा इतिहास माहीत आहे त्यांना यातली गंमत कळेल. चिली आणि पेरू यांच्यात १८७९ साली सुरू झालेलं युद्ध झालं, चिलीच्या फौजा लिमात घुसल्या होत्या, आणि ती जखम पेरूच्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. दोन्ही देशांचा सामना असला की आजही बंदोबस्त लागतो. त्या देशातून मदत आली. कोलो-कोलो आणि अलियान्साचे पाठीराखे आजही एकमेकांना भाऊ मानतात.

त्या चौघांपैकी एक गोलकीपर होता. होसे लेतेलिएर. काइकोची जागा त्याने भरली. हा माणूस पुढे प्रशिक्षक झाला आणि २०१९ च्या महिला विश्वचषकात चिलीच्या संघाला घेऊन गेला. मेलेल्या माणसाच्या जागी, परक्या देशात, रडणाऱ्या प्रेक्षकांसमोर गोलमध्ये उभं राहायचं, हे मला कुठल्याही पेनल्टीपेक्षा कठीण वाटतं. आघाडीवर दुसरा कुणी आला तर तो निदान अकरांतला एक असतो. गोलीची जागा एकच, तिथे कोण नाही हे लपत नाही.

गोष्ट सिनेमासारखी संपली नाही. १९८७ चं विजेतेपद अलियान्साला मिळालं नाही. ते युनिव्हर्सितारियोने नेलं. त्याच जुन्या वैऱ्याने. अलियान्सा दुसरा. २०१६ मध्ये ब्राझीलचा शापेकोएन्से संघ विमान अपघातात गेला तेव्हा अंतिम सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्याने, म्हणजे कोलंबियाच्या आत्लेतिको नासिओनालने, करंडक त्यांनाच द्या अशी विनंती केली आणि तो दिला गेला. १९८७ च्या लिमात तसं काही झालं नाही. दोष द्यायचा का? मी देणार नाही. खेळायचं की नाही हे तेव्हा त्या पोरांनी ठरवलं होतं, आणि खेळले तर हरण्याचीही शक्यता धरूनच खेळले. करंडक मातूतेत परत यायला १९९७ उजाडलं. मधली सगळी वर्षं शापाच्या गोष्टी चालल्या. १९९७ च्या संघाचा प्रशिक्षक होर्हे लुइस पिंतो, कोलंबियाचा. हाच पुढे २०१४ च्या विश्वचषकात कोस्टा रिकाला उपांत्यपूर्व फेरीत घेऊन गेला.

आता ते १९८२ काढा, मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं.

काइकोला एक भाचा होता. मामा गेला तेव्हा तो चार वर्षांचाही झाला नव्हता. त्याचं नाव पाओलो गेरेरो. हो, तोच. पोरगा अलियान्साच्याच ज्युनिअर संघांत वाढला, पण पहिल्या संघातून खेळण्याआधीच, १८ व्या वर्षी, बायर्न म्युनिकने त्याला जर्मनीला नेलं. पुढे हॅम्बुर्ग, ब्राझील, आणि पेरूचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. त्याला विमानात बसायची भीती वाटते, हे जगजाहीर आहे. २०१० मध्ये तो हॅम्बुर्गला असताना लिमाहून परतायचं विमान त्याच्याने पकडवलं नाही, त्यावर जर्मन वर्तमानपत्रांनी रकाने भरले. लाखो युरो घेणारा माणूस विमानाला घाबरतो म्हणून चेष्टाही झाली. त्याचा मामा कसा गेला ते लिमात कुणाला सांगावं लागत नाही.

१९८२ नंतर पेरू विश्वचषकाला पात्रच ठरला नाही. ३६ वर्षं. थेट २०१८ ला रशियात पोहोचला. कर्णधार गेरेरो. त्याच्यावर उत्तेजक चाचणीवरून बंदी आली होती, गटातल्या इतर तीन संघांच्या कर्णधारांनी त्याला खेळू द्या म्हणून पत्र लिहिलं, आणि स्विस न्यायालयाने बंदीला स्थगिती दिल्यावर तो खेळला. २६ जून २०१८, सोचीमध्ये ऑस्ट्रेलियावर २-० विजय. दुसरा गोल गेरेरोचा. म्हणजे पेरूच्या मागच्या विश्वचषकात मामा राखीव खुर्चीवर बसून होता, आणि त्यानंतरच्या पहिल्याच विश्वचषकात भाच्याने गोल केला. मध्ये या देशाच्या वाट्याला एकही विश्वचषक आला नाही.

२०२४ साली गेरेरो अलियान्सा लिमात परतला. वय ४०. ज्या क्लबच्या पहिल्या संघातून तो कधीच खेळला नव्हता त्या संघात शेवटी तो आला, मातूतेच्या मैदानावर. ज्युनिअर असताना सोडलेली जर्सी चाळिशीत अंगावर. त्या मोसमात आणि पुढच्यातही संघ बाहेरगावी जायचा तो विमानानेच, अँडीज ओलांडून. दर ८ डिसेंबरला क्लब त्या ४३ जणांसाठी प्रार्थना ठेवतो. यादीत गोलकीपर म्हणून लिहिलेलं असतं, होसे गोन्सालेस गानोसा.